भोकं

साखर पेठेमागच्या बोळात
मल्लेशम म्याकल यांच्या दाराला कडी नसते कधीच,
तरी ते उघडत नाही.
मागे पुठ्ठ्यांची थप्पी, छातीएवढी.
जेकॉर्डची कार्डं. तेवीस वर्षांची भोकं.

मी अंग चोरून आत शिरते.
नाकाला ओढणी लावायची नाही, एवढं शिकलेय.
पोटरीवरची जखम होळीला रुपयाएवढी होती,
आता वाटीएवढी.
ताता, सिव्हिलला जाऊ या.
ते म्हणतात, वद्दु.
मग मला कळलं नसेल म्हणून मराठीत : नको.

फॉर्मवर एक ओळ आहे,
स्वतःच्या निर्णयाची जाण आहे का? होय / नाही.
मी विचारते, आज वार कुठला?
'नळाचा. पहाटे तीनला आलं, पावणेपाचला गेलं.
तू भरलंस?'
मी भरलं नव्हतं.
पाय सडला तर काय होईल, माहीत आहे?
'कापतील. नाही कापला तर मरेन. पुढचं विचार.'
पुढचा प्रश्न छापलेला नाही.

शेजारची नागमणी मांडीवरचं विड्यांचं सूप न हलवता सांगते,
उंदीर आमच्याकडं येतात ओ,
लेकरू रांगतंय आमचं.
चार माणसं आणा, उचला की त्याला.
तिचंही खरं आहे.
रात्री त्याच्या उंबऱ्यावर भाताची ताटली तीच ठेवते,
ते मात्र सांगत नाही.

चार माणसं मी आणली होती एकदा,
विडी घरकुलात, सत्तव्वासाठी.
आंघोळ घातली, केस कापले,
जटेतून एक चावी निघाली.
खोली धुतली, फोटो काढला, अहवालाला जोडला.
सहा आठवडे जगली. स्वच्छ.
एक शब्द बोलली नाही कुणाशी.
चावी कशाची, ते विचारायचं राहूनच गेलं.

आणि भवानी पेठेतले ते मास्तर,
त्यांचं नको मी ऐकलं होतं,
मान ठेवला होता.
दार तोडावं लागलं.

मल्लेशम एक कार्ड उचलतात, खिडकीच्या फटीला धरतात.
गालांवर, पांढऱ्या खुंटांवर उन्हाचे ठिपके.
'भोक आहे तिथला धागा वर,
नाही तिथला खाली.
एका मोराला असली हजारभर लागतात, पोरी.
तुझ्या कागदावर दोनच घरं?
एवढ्यात काय विणशील?'

बाहेर मागांचा खडखडाट, चव्वेचाळीस डिग्री.
वास आता माझ्या कपड्यांनाही लागलाय.
नुसती धुऊ का जखम? न्यायची नाही कुठं.
ते कार्डाकडेच बघत राहतात.
पाय पुढे करत नाहीत.
मागेही घेत नाहीत.

मी फॉर्म जमिनीवर ठेवते,
त्यावर गुडघा टेकते,
आणि बाटलीचं बूच फिरवते.