चार टन आणि थोडं वर

नवा जॉब लागलाय, आबा,
तोफेच्या पायाचा.
टायटॅनियम. टूल खातं नुसतं,
कूलंट कमी पडलं की कीस पांढराफेक पेटतो.
अख्ख्या पाळीत दोन नग उतरले माझे,
तिसरा अजून चकमध्ये आहे.

आबा डावा कान पुढे करतात.
उजवा द्रासला राहिला.
"किती भरते म्हणालीस?"
चार टन आणि थोडं वर, मी ओरडते,
देगाव फाट्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं.
हेलिकॉप्टर दोरानं उचलतं,
डोंगराच्या खांद्यावर ठेवतं अलगद.

ते हसतात. गुडघ्याला तेल थापतात.
त्यांची बारा टनांची.
वळणावर गाडीनं दम सोडला,
चौदा जणांनी दोर धरला,
चाकामागं दगड लावायला वाकला
कोरेगावचा जयसिंग बर्गे.
एवढंच सांगतात नेहमी.
दगडाचं पुढं काय झालं, ते नाही.

बुटाच्या तळव्यात रुतून आलेली किसाची गुंडाळी
मी त्यांच्या हातावर ठेवते.
निळसर, जांभळट.
फुंकर मारली तर जाईल.
ते बोटानं ढकलून बघतात.

अजिंक्यताऱ्यावर टॉवरचा तांबडा दिवा लागतो.
"आणि गोळा? तोही हलका केला का गं?"
तेवढाच आहे, आबा. त्रेचाळीस किलो.

ते तेलकट हात पोटाशी घेतात, तळवे वर,
भरणाऱ्यानं धरायचे असतात तसे,
आणि चहा निवला तरी
खाली ठेवत नाहीत.