झाकणं

मालीमच्या जेटीवर दोन महिने ट्रॉलर बांधून ठेवतात.
लिलावाची शेड रिकामी. फरशीतला वास मात्र
बंदी पाळत नाही.
तिथे शनिवारी मी मुलं जमवते.
अकरा, कधी सात,
एकदा फक्त डंबर आणि त्याच्या कडेवरची बहीण.

कागद पहिल्याच आठवड्यात सादळून फाटले.
मग बर्फाच्या खोक्यांची झाकणं घेतली, थर्माकोलची.
बॉलपेन टेकवलं की खोल जातं,
खोडरबर चालत नाही.
हे मी सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं.

'आपापलं गाव काढा,' म्हटलं.
अकरा जणांनी काढले दोन डोंगर, मधे सूर्य,
एक झोपडी, एक नदी, चार पक्षी.
गंजामच्या बिजयचा तोच डोंगर,
गदगच्या मल्लव्वाचाही तोच.
कुठल्या शाळेने वाटलं हे एकच गाव सगळ्यांना
ते मला ठाऊक आहे. मीही तेच काढायचे,
वेंगुर्ल्याला,
खिडकीत समुद्र असताना.

पुढच्या शनिवारी विचारलं, 'येताना काय दिसलं?'

डंबरने पाय काढले. नुसते पाय.
चपला, बूट, भेगा, एक पैंजण.
दोन रात्री तो बाकाखाली झोपून आला होता.
सलोमीने भाताचं पातेलं काढलं, आईच्या मांडीवर,
वर दोरीच दोरी.
बिजय फक्त समुद्र काढतो.
'तिकडचा की इकडचा?'
असलं काहीतरी मी विचारते आणि मग जीभ चावते.
तो म्हणाला, 'तिकडे सूर्य पाण्यातून निघतो,
इकडे पाण्यात जातो.
हा मधला.'

मल्लव्वाने दार काढलं. दाराला कडी, कडीला कुलूप.
कुलपावर इतका वेळ पेन फिरवलं
की झाकणाला आरपार भोक पडलं.
'दुसरं देऊ?' मी म्हटलं.
तिने भोकाला डोळा लावला
आणि माझ्याकडे पाहिलं.
खूप वेळ पाहिलं.
मी तशीच उभी, कुणाच्या तरी घराबाहेर
उभं राहावं तशी.

'भायल्यांचीं भुरगीं,' असं पुटपुटत
कुस्तोद रोज शेडीतून जायचा, किल्ल्या वाजवत.
एकदा थांबला. डंबरच्या बहिणीने
काढली होती पत्र्याची पेटी, वर वाकडी फुलं.
'म्हज्या पायन अशीच पेट व्हेल्ली,' म्हणाला,
'मस्कताक.'
मग? पोरांनी विचारलं.
'मागीर पेट आयली,' तो म्हणाला
आणि खिशात काडेपेटी शोधू लागला.
सिगारेट तोंडात नव्हतीच.

बंदी उठली. शेडीत पाय ठेवायला जागा नाही.
मालकाने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही,
झाकणं आपापल्या खोक्यांवर गेली,
बांगड्यांवर, सुंगटांवर पायांची गर्दी,
मधला समुद्र, दोरीचं पातेलं,
त्यावरून चर्रकन ओढलेली चिकटपट्टी.
भोकवालं झाकणही कुणी बाजूला काढलं नाही.

रात्री दोनला टेम्पो भरत होता.
मल्लव्वा आईबरोबर बर्फ फोडायला आलेली.
तिने ड्रायव्हरला कन्नडमध्ये काही विचारलं.
'बेळगाव,' तो म्हणाला, आणि दार आपटलं.
ती बोटांवर काही मोजत राहिली.
'अर्ध्याला थोडं कमी,' मला म्हणाली,
बाजारातला भाव सांगावा तसं.

टेम्पो हलला तेव्हा वरच्या थरात ते दार दिसलं.
कुलपाच्या भोकातून
बर्फाची वाफ निघत होती, बारीक,
आत कुणी चूल पेटवावी तशी.