ब्लाइटी

लीड्सहून मालविकाचा फोन, रात्री साडेदहाला.
तिच्याकडे अजून ऊन.
"काका, ब्लाइटी म्हणजे काय?
वॉर्डातले एक आजोबा सांगून राहिले होते,
वडिलांना पहिल्या लढाईत, फ्रान्सात, मांडीत गोळी लागली
आणि ते हसले.
ब्लाइटी मिळाली म्हणाले."

मी रामबागेत, गॅलरीत, पायात एकच चप्पल,
पुढ्यात नंदलालपुऱ्यातून आणलेली विलायती चिंच,
पावशेर पन्नासला.

आपलंच आहे गं ते. बिलायती.
महूच्या छावणीत गोऱ्या शिपायानं ऐकलं असेल:
सोड्याची बाटली, बिलायती पाणी.
टोमॅटो, बिलायती वांगं.
जे इथलं नाही ते सगळं बिलायती.
त्याला वाटलं असेल, हे दिवसभर
माझ्याच गावाचं नाव घेऊन राहिलेत.
(असेल म्हणतोय. मी काही तिथे नव्हतो.)

पहिली वेलांटी झटकून त्यानं शब्द खिशात टाकला.
त्याआधी अरबांकडे तो नुसता सुभा होता,
कुणाचाही अंमल, कुठलाही मुलूख.
खंदकातल्या चिखलात मात्र
जीव राहील, पण पाय लढाईच्या कामाचा उरणार नाही
अशा बेतानं लागलेली गोळी,
तिला ते म्हणत ब्लाइटी.
म्हणजे घर.

पलीकडे ट्रॉलीची चाकं वाजली.
"मग मी कुठे आहे, काका? विलायतेत की ब्लाइटीत?"

मला पुण्यातलं लग्न आठवलं.
"इंदूरचे ना? तरीच. राहिलेत-राहिलेत करताय."
आणि इथे, पाच पिढ्यांनंतरही,
दूधवाल्याच्या वहीत आमचं खातं: मराठी साब.
हे मी तिला सांगितलं नाही.
जेवलीस का, विचारलं.

ही चिंचही मेक्सिकोची म्हणतात.
महापालिकेच्या भिंतीमागे झाड आहे तिचं,
पोपटांना ते कुठलं वाटतं कोण जाणे.
शेजारचा मुन्ना तिला जलेबी म्हणतो.

सकाळी मालविकाचा निरोप:
आजोबांना सांगितलं. बि-ला-य-ती
चारदा म्हणून पाहिलं त्यांनी, जमलं नाही.
मग म्हणाले, वडील जन्मभर लंगडत होते,
थंडीत जास्त.
घरातल्या घरात.

शेंग गोड होती. घसा मात्र धरला.
काळी बी मी गॅलरीतून खाली टाकली,
दुसरी चप्पल शोधायला आत गेलो.