खिडकी क्रमांक दोन

माझं नाव सांगते, ते छातीवर लावलेलंच आहे:
डोरीन पेल्की, नोंदणी विभाग, एकोणीस वर्षं.
त्याचं पहिलं नाव वेन.
आडनाव सांगत नाही,
मिशिगनच्या या वरच्या टोकाला
आडनावावरून मुलगी सापडते.

तो आला तेव्हा तलावावरून वारा सुटला होता.
बुटांचा बर्फ त्याने दाराबाहेर झटकला,
चर्चमध्ये शिरताना झटकतात तसा, दोनदा.
चार तासांवरच्या गावात बर्फ काढायची गाडी चालवतो म्हणाला.
नारिंगी जाकिटाला डिझेलचा वास.
आतल्या खिशातून घड्यांचे कागद निघाले:
जन्माचा दाखला,
दोन सेमिस्टरच्या फीच्या पावत्या,
आणि तीन वर्षांपूर्वीचा टॅक्सचा कागद,
ज्यात मुलगी अजून त्याच्या नावाखाली होती.

"एवढंच सांगा, वर्गात येते ना?"

मी ते वाक्य म्हटलं.
पाठ आहे. झोपेतसुद्धा म्हणते, असं नवरा सांगतो.
अशा नावाची कोणी विद्यार्थिनी इथे आहे
किंवा नाही,
हे मला सांगता येत नाही.

"आहे किंवा नाही," तो म्हणाला,
"मग मधे उरतं काय, बाई?"

स्क्रीनची त्याच्याकडे पाठ होती.
तिच्यावर काय होतं, ते तुम्हालाही सांगणार नाही.
मी नाव टाईप केलं की नाही,
तेही नाही.

कायदा समजावला, नेहमी समजावते तसा:
कॉलेजात पाऊल पडलं की कागदांवरचा हक्क
आईबापाकडून मुलाकडे जातो.
फी कोणीही भरो.
मुलाची सही असेल तरच.
तो कागदांच्या घड्या घालत म्हणाला,
"प्रगतिपुस्तकावर माझी सही लागायची.
एकदा तिने खोटी केली होती. हुबेहूब.
मी ओळखलं, आणि बोललो नाही."

मागे रांग वाढत होती.
एका पोराने कानातलं काढून खिशात ठेवलं.

पहिल्या वर्षी मी एकदा सांगितलं होतं.
फोनवर गोड आवाज, बहिणीचा वाढदिवस आहे म्हणाला,
अकरा वाजता ती कोणत्या इमारतीत असते?
मी सांगितलं.
तो भाऊ नव्हता.

हे वेनला सांगितलं नाही.
त्याच्या तोंडावर कोणी म्हणावं
की बापाचा आवाजही कोणीतरी काढू शकतं?

मग त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले, अगदी हळू.
"ती मेली असती, तर सांगितलं असतंत?"

याचं उत्तर आहे.
हक्क माणसासोबत संपतो;
फाइल मग उघडायची का, ते कॉलेज ठरवतं.
ते उत्तर मी दिलं नाही.
तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी
मी स्वतःच्या मर्जीने लपवली.

जाताना त्याने एक बरणी ठेवली.
थिंबलबेरीचा जॅम, झाकणावर निळ्या पेनाने 'ऑगस्ट'.
"ती इथे असेल तर."
मी हात लावला नाही.
बरणी घेणं म्हणजे हो म्हणणं,
परत देणं म्हणजे नाही.
"हरवलेल्या वस्तूंचं कपाट जिन्याखाली आहे," मी म्हटलं,
आणि पुढच्याला बोलावलं.
त्याला समजायला थोडा वेळ लागला.

शुक्रवारी बरणी कपाटात नव्हती.
त्या कपाटाला कुलूप नसतं.
सफाईवाल्याने नेली असेल, कोणीही नेली असेल.

सोमवारी फोन वाजला. आवाज ओळखला,
पण ओळख दाखवली नाही.
त्याने मुलीचं विचारलं नाही. बरणीचंही नाही.
"तिकडे बर्फ किती आहे?"
दीड फूट, आणि पडतोय अजून.
"वसतिगृहापासून वर्गांपर्यंतची वाट?
मीठ टाकतात ना नीट?"

टाकतात, मी म्हटलं. पहाटे पाचला.
कडेला दोरही बांधलाय धरायला.
आज सकाळी मी स्वतः चालून आले.

हे सांगता येतं.
बराच वेळ सांगत राहिले.