ते साप खातात का

लिलाव आटपला की बंदरावर विचारतात,
काय रे हरेश, चीनमध्ये साप खातात का?
बाळू दोरकुळकरला तेवढंच हवं असतं,
पापलेटांवर बर्फ मारता मारता.
मी म्हणतो, बघितला नाही.
तो नाराज होतो.
चार महिने राहून आला आणि साप नाही बघितला.

आमचं जहाज जूशानला गोदीत चढवलं होतं,
तळ खरवडायला, पंखा बदलायला.
वीस दिवसांचं काम, लागले एकशे वीस.
फाटकाबाहेर गल्ली, गल्लीत बांबूच्या चटया,
चटयांवर मिठात लोळवलेले
बोंबील.
खरंच बोंबील. वारा फिरला
आणि मी वळून बघितलं, आये कुठे आहे.
त्यांच्या भाषेत त्याला ड्रॅगनचं डोकं म्हणतात.
आमच्याकडे लुळ्या पोराला मारायची हाक.

वेल्डर होता छन. सगळे त्याला लाओ छन म्हणत,
लाओ म्हणजे म्हातारा,
पण त्यात शिवी नाही, पाट मांडल्यासारखं काहीतरी आहे.
रणरणत्या उन्हात तो वाफाळतं पाणी प्यायचा.
मी खुणेनं विचारलं, बरं नाही का?
त्यानं माझ्याच पोटावर हात ठेवला
आणि मान हलवली, इथे गार नको.
बाटलीत चहाची पानं, दूध नाही, साखर नाही,
दिवसभर त्याच पानांवर पाणी.
पहिल्या आठवड्यात मी त्याला चिकट म्हटलं, मराठीत.
मग केव्हातरी चौथ्या पाण्याला मला चव लागली.

बाराच्या भोंग्याला सगळी गोदी झोपायची,
पुठ्ठे अंथरून, जहाजाच्या पोटाखाली,
तीस हजार टन लोखंड डोक्यावर
आणि कोणी घोरतोय.

मुळे विकणाऱ्या बाईच्या गळ्यात
ताईत असावा तसा स्कॅनचा चौकोन.
मी नोट दिली. तिनं उलटसुलट केली,
जुन्या भाडेकरूचं पत्र आल्यासारखी,
आणि मुळा फुकट दिला.
संध्याकाळी तीच बाई गमबूट घालून
चौकात नाचत होती, आणखी तीसजणींबरोबर,
कर्ण्यावर गाणं, चेहरा हिशेबाला बसल्यासारखा.
कोणी बघत नव्हतं.
म्हणजे मी बघत होतो.

बागेत एक म्हातारा बादलीत कुंचला बुडवून
फरशीवर अक्षरं काढायचा, नुसत्या पाण्यानं.
तिसरी ओळ होईपर्यंत पहिली उडालेली.
कोणाला दाखवायची घाई नाही, पुसायचीही नाही.
एकदा त्यानं कुंचला माझ्या हातात दिला.
काय लिहिणार? आबांनी विकलेल्या होडीचं नाव लिहिलं,
हिरादेवी.
वरची रेघ ओढली तसा तो खाली वाकला,
रेघेवरून बोट फिरवलं, हसला,
दोन्ही हातांनी दोरी ताणल्यासारखं केलं
आणि काहीतरी लटकवून दाखवलं.
तेव्हा मला दिसलं, पहिलीपासून लिहितोय तरी,
की आमची अक्षरं वलांडीवर टांगलेली असतात.
वेलांट्या आधी सुकल्या.
मग रा. मग रेघ.
होडीसुद्धा इतक्या शांतपणे गेली नव्हती,
तेव्हा आबा तीन दिवस जेवले नव्हते.

हे बाळूला कसं सांगायचं?
मी म्हणतो, हो, असतील खात कुठेतरी.
तो खूष. लगेच पुढे सांगायला जातो.

घरी आये वलांडीशी उभी होती.
मी गरम पाणी मागितलं, तिनं कपाळाला हात लावून बघितला.
चटयांचं सांगितलं, तेव्हा मात्र थांबली.
मीठ आधी लावतात की मागून?
आधी, मी म्हटलं. हे मी नीट बघितलं होतं.
ती एक बोंबील उलटा करीत म्हणाली,
मग कडक होत असतील.
आणि पुढच्या काठीकडे गेली.