परत आला तर

इप्सविचच्या दफ्तरखान्यात पेन चालत नाही,
फक्त पेन्सिल. पान उडू नये म्हणून
शिशाचे मणी भरलेला कापडी साप देतात.
तो पानावर निजतो, मी वाचते.

तिकडे मेनमध्ये, आमच्या स्वयंपाकघरात,
काचेखाली लावलाय एक बाप्तिस्मा:
जेबेझ, बाप जॉन क्विल्टर, मार्च सोळाशे नऊ.
वेंडेलकाकांनी टपालाने मागवलेला.
त्याच खुंटीला आम्ही सगळे टांगलेले.

पुढचं पान त्यांनी मागवलं नव्हतं.
पुढच्या पानावर, एप्रिलमध्ये, त्याच शाईत:
जेबेझ, जॉन क्विल्टरचं मूल, पुरलं.
तीन आठवड्यांचा होता आमचा मूळपुरुष.

मग शेजारची गावं धुंडाळली.
क्विल्टर, क्वेल्टर, क्विलटार,
पाद्री जसं ऐकेल तसं लिहील,
आणि एकाला तर बहुधा ऐकूच येत नसावं.
एका गावची वीस वर्षं उंदरांनी खाल्लेली.

नवव्या दिवशी थॉमसिन सापडली.
विणकराची विधवा. मृत्युपत्र, सोळाशे एक्केचाळीस.
देह आजारी, बुद्धी शाबूत.
पितळी पातेलं एमीला,
दोन मेंढ्या एमीच्या नवऱ्याला, काळी सोडून.
आणि माझा मुलगा जेबेझ, समुद्रापार गेलेला,
परत आला तर माडीवरची खाट त्याची,
हिरव्या पांघरुणासकट.
सात वर्षं ती कुणी हलवू नये.
त्याच्यासाठी ठेवावी.

खाली निशाणी.
अक्षर न येणाऱ्या हाताने काढलेला
धोटा, किंवा मासा.

आमचा जेबेझ सोळाशे एकोणचाळीसच्या फेब्रुवारीत
नदीवरचा बर्फ फुटून गेला.
मागे बायको, दोन पोरं, एक कुदळ,
आणि यादीच्या तळाशी, किंमत चार पेन्स:
हिरव्या लोकरी कापडाचा तुकडा, जुना.

हा पुरावा नव्हे.
हिरवी लोकर त्या काळी कुणाकडे नव्हती?
पण दोन वर्षं झाली होती, थॉमसिनबाई,
तुम्ही कारकुनाला हे सांगत होतात तेव्हा,
आणि तो "परत आला तर" लिहिताना
दौतीत बोरू पुन्हा बुडवत होता,
शाई तिथे दाट आहे.

पाचला दिवे मिणमिणवतात.
काउंटरवरची मुलगी खोक्यावर हात ठेवून विचारते,
उद्यासाठी बाजूला काढू, की परत पाठवू?

ठेवा, म्हटलं.