कुर्लीचं भोक

रोज अकरा किलोमीटर चालतो.
खाजनाच्या काठानं, मग काजूच्या भाटातून,
पिवळा खांब ते पिवळा खांब.
गळ्यात एक डबी आहे, ती वर कुठेतरी सांगते
की मी चालतोय. बसलो तर तेही सांगते.

गावात मला पाइपवाला म्हणतात.
पाइप मी कधी पाहिलाच नाही.
मी लागलो तेव्हा तो पुरून झाला होता,
वर तेरडा उगवला होता.

शाळेत सभा झाली. कंपनीच्या मेश्रामबाई आल्या,
पडद्यावर चित्रं दाखवली:
डबक्यात बुडबुडे, हिरव्यात पिवळं पडलेलं गवत,
जमिनीतून शिट्टी.
म्हणाल्या, ह्या वायूला वास नसतो,
सिलिंडरातला तो वास मागून घातलेला असतो.
कुष्टा गावडे मागच्या बाकावरून म्हणाला,
मग नाक कशाला दिलंय देवानं?
सगळे हसले. बाईही हसल्या, जरा उशिरा.
रुझारियोनं विचारलं, फुटला तर किती घरं?
त्याचं उत्तर फार लांब होतं.
मधेच चहा आला.

माझे बाबा मानशीवर राखणदार होते.
भरतीच्या रात्री बांधावर अनवाणी चालायचे,
माती कुठे पोकळ झाली ते टाचेनं ओळखायचे.
कुर्ली भोक पाडते, चवलीएवढं,
पहाटेपर्यंत त्यातून अख्खी नदी शेतात येते.
भोक कुणाच्या शेतासमोर, असं कुणी विचारत नसे.
दिसलं त्यानं ओरडायचं,
ऐकू आलं त्यानं फावडं घेऊन धावायचं.
त्याला पडदा लागला नाही.
पण तो बांध आमचा होता.
हे मी मेश्रामबाईंना सांगितलं नाही.

दोनशे पत्रकं मी घरोघर वाटली.
आठवड्यानं ती मला तिठ्यावर भेटली,
पिएदादच्या पाटीत, तारल्या गुंडाळायला.
मी चिडलो. ती म्हणाली, अरे पाइपवाल्या,
तू देतोस ते दारात राहतं,
मी देते ते चुलीपर्यंत जातं.
मग तिनं नंबर विचारला.
वाचता येत नाही, म्हणून मासळीत मोजून घेतला:
एक इसवण, आठ बांगडे,
शून्य म्हणजे रिकामी पाटी.
पुन्हा शून्य. पुन्हा रिकामी?
हा कसला धंदा, म्हणाली.

शिगम्याच्या आदल्या दिवशी
वळणावर जेसीबी उभा होता,
कुणाच्या तरी बंगल्याच्या सेप्टिक टाकीसाठी.
खांब उपटून भिंतीला टेकवून ठेवलेला, अगदी नीट.
चालक रायचूरचा पोरगा,
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
पिएदादनं खड्ड्याच्या तोंडाशी पाटी उतरवली
आणि बसली.
तो हॉर्न वाजवत राहिला.
तिनं आपला फोन त्याच्या हातात दिला: लाव.
त्याला कोंकणी कळेना, तिला कन्नड.
शेवटी तिनं मासे मातीवर ओळीनं मांडले,
शून्याच्या जागी रिकामी ओंजळ दाखवली,
त्यानं मोजून आकडे दाबले.
पहिल्यांदा चुकला,
कारण तीनातली एक कुर्ली
सुतळी सोडून चालू लागली होती.

मी पोचलो तेव्हा बादलीचे दात आणि पाइप
यांच्यामध्ये हातभर माती उरली होती.
ती दोघं खुणांनी भाव करत होती.
दोन बांगडे तो घेऊन गेला, पैसे उद्या म्हणाला.

अहवालात एक रकाना होता, कळवणाऱ्याचं नाव.
लिहिलं: पिएदाद कुलासो.
पुढचा रकाना, प्रशिक्षण कधी घेतलं?
पेन तिथे बराच वेळ धरून ठेवला.

खांब पुन्हा रोवला. सिमेंट ओलं होतं,
म्हणून चप्पल काढून शेजारी उभा राहिलो,
टाच दाबून पाहिली, इथे, मग थोडं तिकडे.
गळ्यातली डबी वाजू लागली: आपण थांबला आहात.

हो. थांबलोय.